खाली, उजव्या हाताले

अजी, तुमच्या नावाचा ओटा बांधून राह्यले लोकं. आपल्या खळ्यावर, त्या निंबाखाली, जिथं दिवस बुडाला का तुमी घोंगडी टाकून उताणे पडत होते, तिथंच. गोटे येऊन पडले, चुना भिजत घातला. गावातले चार शहाणे परवा घरी येऊन मले सांगून गेले का बाई, तुमचा मालक पुण्यवान होता, सा महिने आधी आपलं मरण सांगून गेला, असं भाग्य कोणाले भेटते. म्या त्यायले पाणी देल्लं, गूळ देल्ला. ते फाटकाबाहेर गेले अन् म्या गुळाचा डबा असा आपटला का नामदेव ताटावरून उठून आला.

म्हणून हे लिहून घेऊन राह्यली. मले अक्षर येत नाई हे तुमाले ठाव हाये. आपला धाकटा नामदेव रिठदच्या शाळेत मास्तर, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला हाये, तो लिहिते. अक्षरं त्याचे, बोलणं माहं. मधामधात तो हात थांबवून इचारते, "माय, बाबाबद्दल असं लिवू का?" मी म्हणते, लिव. मेलेल्या माणसाले राग येत नाई. जित्याले येते, अन् मले आला हाये.

पुण्यवान म्हणे. तुमी पुण्यानं नाई मेले, अजी, हट्टानं मेले. अर्ध्या भाकरीनं मेले. घरात क्विनीनच्या पुड्या होत्या तरी तापानं मेले. अन् हे सगळं कायच्यासाठी? तं आभाळातली एक बारीकशी चांदणी तुमाले दिसेनाशी झाली म्हणून. लोकं साप चावून मरतात, पटकीनं मरतात, इहिरीत पडून मरतात. चांदणीनं मेलेला माणूस आमच्याच घरी निंघाला.

नामदेव म्हणते, तुमी कोण होते तेही सांगा लागते. काय सांगू? आपली इहीर तिघायची सामायिक. उन्हाळ्यात मिरचीले अन् कांद्याले पाणी देयाचं म्हंजे मोटेच्या पाळ्या लावा लागे, अन् कोणाची पाळी कवा सरली हे तुमी सांगत होते. गावात घड्याळ नव्हतं. चैतात दिवस बुडल्यापासून मघा माथ्यावर येवस्तोर एकाची पाळी, चित्रा माथ्यावर येवस्तोर दुसऱ्याची, अन् स्वाती कलली का तिसऱ्याची. दोघं भांडले का तुमच्यापाशी येत. तुमी मान वर करत, डोळे बारीक करत अन् निकाल देत. पाण्यावरून भावाभावात कुऱ्हाडी निंघतात, पण आपल्या इहिरीवर कधी आवाज चढला नाई. हे तुमचं खरं पुण्य होतं. ओटा बांधाचाच तं याच्यासाठी बांधा म्हणावं.

अन् पाडव्याची ती रीत. सप्तर्षीले आपल्याकडं बाया बाज म्हणतात, चार खुरांची बाज अन् तिच्यामागं तीन चोर. मधल्या चोराले तुमी वसिष्ठ म्हणत, अन् त्याले चिकटून राईच्या दाण्याएवढी त्याची बायको, अरुंधती. ज्याले ती दिसेनाशी झाली तो सा महिन्यात जाते, असं तुमच्या आज्यानं तुमच्या बापाले सांगतलं, बापानं तुमाले. म्हणून दर पाडव्याले गुढी उतरवली का जेवाच्या आधी आपलं सगळं घर खळ्यावर. त्या दिवशी चांद नसल्यासारखाच, आभाळ काळंशार. तुमी एकेकाले निंबापुढं उभं करून इचारत, दिसली का? दिसली. कोणत्या अंगाले? खाली, उजव्या हाताले. मंगच घरात पुरणाची पोळी वाढली जाये.

चौतीस पाडवे म्या तो जबाब देल्ला. चौतीसच्या चौतीस खोटे.

आपल्या लग्नापासूनच सांगतो. वैशाखातला गोरज मुहूर्त होता, मी तेराव्या वर्षात होती, मुंडावळ्यायनं कपाळ खाजून राह्यलं होतं. अक्षदा पडल्या, बाकी विधी झाले, अंधार पडला. जोशीबुवानं उत्तरेकडं हात केला अन् तुमी शेल्याच्या आडून माहा हात धरून वर नेला. मले आभाळात काय दिसलं सांगू? जात्याभोवती पीठ सांडते ना, तसं. पांढुरकं, पसरलेलं, कुठं जास्त कुठं कमी. लहानपणापासून मले तसंच दिसे. मले वाटे सगळ्यायलेच तसं दिसते, अन् बाज अन् चोर हे लोकं आपल्या मनानं घालतात, जसं शेंदराच्या गोट्याले डोळे लावतात. म्या लय येळ पाह्यलं. मागून सासू पाठीत बोट खुपसून राह्यली होती. म्या म्हणलं, दिसली.

तुमी एवढे खूश झाले. जोशीबुवाले म्हणले, भल्याभल्याले दोन दोन खेपा पाहा लागते, हिनं पैल्याच नजरेत पाह्यली. मंडपातल्या साऱ्यायले सांगतलं. पुढं पाव्हणा आला का त्यालेही सांगत. पोरं झाले, पोरायच्या बायका आल्या, त्यायलेही सांगतलं का तुमच्या सासूची नजर घारीची. घारीची! अजी, वावराच्या त्या धुऱ्यावरचा, पार बांधावरचा माणूस म्या कधी तोंडावरून ओळखला नाई. चालीवरून ओळखला, खाकरण्यावरून ओळखला, नाई तं तो जवळ येवस्तोर डोईवरचा पदर सारखा करत बसली. जवळचं मले लखलखीत दिसे. सुईत दोरा मी घालू, तांदळातला बारीक खडा मी काढू. त्याच्यानं कोणालेच कळलं नाई. तुमालेही नाई. आभाळातली चांदणी अन् चांदणी तुमाले ठाव होती, अन् एका ताटावर जेवण्याइतक्या जवळच्या बाईचे डोळे कसे हायेत हे ठाव नव्हतं. याचा राग मले आजही हाये, नामदेव, हे नीट लिव.

लग्नाच्या त्याच रात्री तुमची बहीण, गयाबाई, माह्यापाशी निजली होती. मायेनं म्हणे, "बरं झालं वैनी दिसली, नाई तं सा महिन्यात जातीस."

तुमी गाढ निजले होते बाहेर पाव्हण्यायमधी. त्या रातीपासून म्या आपलं मरण मोजलं. परकराच्या नाडीले दर पुनवेले एक गाठ. भादव्याच्या पुनवेले पाच गाठी झाल्या, शेजारच्या पोरी भुलाबाईचे गाणे म्हणाले बोलवाले येत, अन् मी ढोरायच्या कोठ्यात जाऊन रडे. माय आठवे. कोजागिरीले सहावी गाठ मारली, दूध प्याली, सासूजवळ निजली अन् डोळे गच्च मिटून पडली. सकाळी सासूनं ढोसून उठवलं, दिवस वर आला तरी लोळून राह्यली म्हणून शिव्या देल्ल्या. जन्मात कोणाच्या शिव्या मले इतक्या गोड लागल्या नाई.

तवाच मले समजलं का ती गोष्ट खोटी हाये. ज्या गोष्टीनं तुमी मेले, ती खोटी हाये हे मले तुमच्या घरात पाय ठेवल्याच्या सहाव्या महिन्यातच कळलं होतं. अन् म्या तोंडाले कुलूप लावलं.

पैले भेवानं लावलं. मंग सासू गेली, भेव गेलं, तरी कुलूप तसंच. काहून, ते तुमाले आता सांगतो. तुमाले बोलणं कमी. वावरात गेले का बैलाशी बोलत, घरात आले का जेवून उठत. पण उन्हाळ्यात खळ्यावर गव्हाच्या राशीपाशी बसलो का तुमची जीभ सुटे. तिकांडं, ते मृगातल्या तीन चांदण्यायचं, पश्चिमेले टेकलं, पाह्य. कृत्तिका गेल्या, आता पाणी पडण्याआधी पहाटे उगवतीन. ही मघा, इळ्यासारखी वाकडी. ही चित्रा, एकटी. बाजेच्या चोरायची वाट धरून खाली उतरलं का ही स्वाती, जोंधळ्याच्या पिकल्या दाण्यासारखी तांबूस. मी हूं हूं करे. मले ते काई दिसत नव्हतं, पण तुमचा आवाज तं ऐकू येत होता. दुसऱ्या बायायचे मालक बायकोशी ढोराचं अन् चाऱ्याचं बोलत, अन् माहा मालक मले आभाळ सांगे. म्या तोंडानं म्हणलं असतं का मले दिसत नाई, तं तुमी सांगणं बंद केलं असतं. आंधळ्याले कोण चित्र दाखवते? म्हणून म्या सगळं पाठ केलं. कोण कवा उगवते, कोण कवा बुडते, कोणाच्या मागं कोण. आजही सांगू शकतो, डोळे मिटून. तसे उघडले तरी तेवढंच दिसते.

एकदा तुमी मले पकडलंच होतं. माघाचा महिना होता, पहाटे मी दळाले उठली, तुमी अंगणात उभे. म्हणले, पाह्य, आज अरुंधती किती साफ हाये, कोणत्या अंगाले हाये सांग. म्या पाठ केलेलं सांगतलं, खाली, उजव्या हाताले. तुमी हसले. पहाटेपर्यंत बाज फिरून जाते, ती तवा वरच्या अंगाले असते. पाडव्याचा जबाब पाडव्यालेच चालते हे मले कुठं ठाव? तुमी म्हणले, झोपेत हायेस अजून, जाय तोंड धू. एवढं सांगणारा तो जबाब तुमी हसण्यावारी नेला. तवा जरा हटकलं असतं तं म्या सांगून टाकलं असतं, खरंच टाकलं असतं.

आता गेल्या सालचा पाडवा. तुमच्या बुबुळावर साय धरली होती हे म्या जवळून पाह्यलं होतं, जवळचं मले दिसते. तुमी खळ्यावर सगळ्यायले इचारलं, नातवायले इचारलं, मले इचारलं. म्या जबाब देल्ला. पण दरसाल शेवटी तुमी सोता पाहून 'हाये बरं' म्हणत, ते म्हणले नाई. पोळीही अर्धी टाकली. पोरं निजल्यावर मले म्हणले, "गेली ती. आता सा महिने."

म्या म्हणलं, मोतीबिंदू हाये तो. शिरपूरच्या देवळापाशी तो फुलवाला म्हातारा बसते, त्याचा अकोल्याच्या दवाखान्यात काढला, तो पुन्हा हार गुंफून राह्यला, तुमी सोता त्याच्यापासून हार घेतला. आपला थोरला शंकर म्हणला, बाबा, बंडीनं वाशीम अन् तिथून रेल्वेनं अकोला, दोन रोजाचं काम हाये. तुमी काय म्हणले? जाणाऱ्या माणसाच्या डोळ्याले चाकू कायले लावता, मले सा महिन्यापुरतं दिसते. अन् असे शांत होऊन म्हणले, जसं कोणी पेरणी आटोपून घरी आला.

मंग तुमी मराले लागले. दुसरं काय म्हणू त्याले? दोन्ही पोरायले वावराचे धुरे दाखवून देल्ले. मोटेची पाळी शंकरवर सोपवली, त्यानं वाशीमहून गजराचं घड्याळ आणलं. दोन भाकरीची एक झाली, एकीची अर्धी, अर्धीची कोर. म्या ताटात वाढली का तुमी बाजूले सारत, म्हणत, जित्यायले खाऊ दे. गावातले लोकं येऊन पाया पडाले लागले. तुमाले ते आवडलं, अजी. नाई म्हणू नका. जन्मभर पाण्याच्या पाळ्या सांगणारा माणूस आता सोताच्या मरणाची पाळी सांगून राह्यला, लोकं कान देऊन ऐकून राह्यले. मले ते पाहून तळपायाची आग मस्तकाले जाये.

सावनात एका दिवशी राह्यवलं नाई. पाऊस लागून होता, तुमी ओसरीत बाजेवर. म्या दार लोटलं, पायथ्याशी बसली अन् सगळं सांगतलं. लग्नातलं, सासूच्या बोटाचं, सा गाठीचं, पाडव्याच्या जबाबाचं. चौतीस सालाचं कुलूप काढलं. मले वाटलं तुमी रागावसान, उठून बसान, दोन शिव्या देसान. मले पाह्यजे होत्या त्या शिव्या.

तुमी माह्या हातावर हात ठेवला अन् हसले. म्हणले, "तू लय चांगली हायेस. पण माह्यासाठी खोटं नोको बोलू. या वयात हे पाप कायले घेतं?"

चौतीस साल खोटं बोलली तं घारीची नजर, अन् एकदा खरं बोलली तं खोटी. मी ताडकन उठली. शपथ घातली, पोरायची घातली. तुमी म्हणले, पोरायची शपथ खोटी घेऊ नोको. काय बोलाचं अशा माणसाशी? मी तीन दिवस तुमच्याशी अक्षर बोलली नाई. ताट ठेवाचं अन् निंघून जायाचं. ते तीन दिवस मले आता कोण परत देईन? तुमच्याजवळ किती कमी दिवस राह्यले होते, अन् त्यातले तीन म्या रागात घालवले.

भादव्यात हिवतापानं गाठलं. टपाल हापिसातून आणलेल्या क्विनीनच्या पुड्या म्या मधात कालवून आणल्या, तुमी दात घट्ट लावून घेतले. अंगात होतं काय तापाशी लढाले? घट बसाले चार रोज होते, पितरपाटात तुमी गेले. सा महिन्याले चार रोज कमी. गाव म्हणलं, पाह्य, बोलल्याप्रमाणं. कोणीच नाई म्हणलं का उपाशी माणूस तापात मरतेच, त्याले चांदणी कायले लागते.

हे सगळं पोटात घालून मी गप बसली असती. पण औंदाचा पाडवा आला.

औंदा फक्त आपलं घर नव्हतं. तुमच्या मरणाचं नाव ऐकून आजूबाजूचेही लोक संध्याकाळी खळ्यावर जमले. भजन झालं. मंग शहाण्यापैकी एक निंबापुढं उभा राह्यला अन् तुमच्यासारखा इचाराले लागला, दिसली का? गयाबाई किन्हीराजाहून पोराच्या बंडीत बसून आल्या होत्या, भावाच्या आठवणीले. त्यायची पाळी आली. त्यायनं मान वर केली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा पाह्यलं. हळूच म्हणल्या, नाई दिसत मले.

बायायनं तोंडाले पदर लावले. एकीनं हुंदका काढला. कोणी तरी म्हणलं, भावामागं बहीण. अन् गयाबाई, अजी, तुमच्यासारख्याच शांत झाल्या. तस्साच चेहरा. खाली बसल्या अन् पोराले म्हणल्या, घट बसाच्या आत नातीचं लग्न उरकून घे. घरी ताट वाढलं तं पोळी बाजूले सारली, म्हणल्या, लेकरायले दे.

ती बाजूले सारलेली पोळी पाह्यली अन् माहा तोल गेला. म्या त्यायच्या हाताले धरून उठवलं, तसंच खळ्यावर नेलं. लोकं अजून होते. म्या शंकरले कंदील घेऊन खळ्याच्या पार त्या टोकाले उभं केलं अन् सगळ्यायपुढं म्हणलं,

"मले अरुंधती कधीच दिसली नाई. लग्नातही नाई, आजही नाई. मरायची असती तं चौतीस वेळा मेली असती."

मंग एक शहाणा म्हणला, नणंदेच्या मायेनं बोलून राह्यल्या. तुमच्यासारखंच बोलणं. मले वाटलं आता इथंही तसंच होते. म्या म्हणलं, शंकर, हात वर करून बोटं दाखव. लहान लहान पोरं ओरडले, तीन! तीन! मले तं बोटं नाई, हात नाई, नुसता एक पिवळा गोळा दिसे, अन् त्याच्या बाजूले काळं काई तरी. म्या ओरडून म्हणलं, शंकर, कंदील जरा तोंडापाशी धर, नीट उभा राह्य, बापासारखा पाय आपटू नोको.

लोकं हसाले लागले. अन् माह्या पाठीमागून, हातभर अंतरावरून शंकरचा आवाज आला, "माय, मी इथं हाये."

त्यानं कवाचाच कंदील गयाबाईच्या पोराच्या हाती देल्ला होता, बोटंही त्या पोरानंच दाखवले होते, अन् शंकर अंधारातून फिरून माह्यामागं येऊन उभा राह्यला होता. पोटच्या पोराले म्या ओळखलं नाई. हसणं थांबलं. शहाण्याचं तोंड पडलं. नामदेव तिथंच होता, तो म्हणते माय, त्या येळी तू रडली. मी रडली नाई. मले घाम आला होता.

गयाबाईले म्या घरी आणलं अन् समोर बसून ती पोळी खाऊ घातली, दुधात कुस्करून. दुसऱ्या दिवशी बंडी जुंपली. अकोल्याच्या डॉक्टरनं शंकरले सांगतलं, बिंदू पिकला हाये, भाकरी भाजाच्या येळात निंघते. शंकरनं तुमचं सांगतलं तं म्हणे, भावाचाही हाच असन. शंकर हे मले सांगाले तयार नव्हता, म्या खोदून काढलं. भाकरी भाजाच्या येळात, अजी. तुमाले सा महिने होते.

एवढं झालं तरी ओटा होऊनच राह्यला. लोकायले जितं माणूस पटत नाई, मेलेलं लवकर पटते. म्या सांगून ठेवलं हाये, ओटा बांधा, बसा, तमाखू खा, पण तिथं आभाळाकडं बोट करून कोणाले 'दिसली का' इचारलं तं मी कुदळ घेऊन येईन. अन् मोटेच्या पाळ्या आता गजराच्या घड्याळावर चालतात. ते मागं पडते. परवा पाण्यावरून दोघं एकमेकाच्या अंगावर गेले. मले तुमी लय आठवले.

नामदेव मले चष्म्यासाठी अकोल्याले नेतो म्हणते. म्हणते, माय, तुले सगळं दिसन, बाज, चोर, स्वाती, सगळं. पाहू. आता दिसलं तरी सांगू कोणाले?

काल गयाबाई आल्या. डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, दोऱ्यानं कानाले बांधलेला. दिवस बुडाला तसं मले खळ्यावर घेऊन गेल्या, मान वर केली अन् म्हणल्या, वैनी, दिसली वं. कोणत्या अंगाले, हे म्या इचारलंच नाई. म्या दूर जाऊन हात वर केला अन् म्हणलं, हे किती बोटं? त्या म्हणल्या, चार. चारच होते.

घरी येऊन मले रातभर राग आला, पण तुमचा नाई. सावनात त्या दिवशी ताडकन उठून निंघून जायाच्या ऐवजी म्या तुमाले हाताले धरून ओसरीतून खळ्यावर न्यायले पाह्यजे होतं, भर उजेडात. तुमी त्या टोकाले, मी या टोकाले. तुमी हात वर करून इचारलं असतं, हे किती बोटं? मले सांगता आलं नसतं. मंग म्या हात वर केला असता. तुमालेही सांगता आलं नसतं. दोघायलेही काईच दिसलं नसतं, अजी, अन् आपण हसून घरी आलो असतो, पोटभर जेवलो असतो.